एकशे साठ सेकंदांचा चौक

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून मी १४ वर्षं काढली, सगळी सोलापूर स्थानकावर. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, सगळीकडच्या गाड्या आमच्याकडून जायच्या. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या लागल्या की गर्दी कितीतरी पट व्हायची, पण फलाट होते तेवढेच राहायचे. अशा वेळी आमच्या हातात एकच गोष्ट असायची, ती म्हणजे गाडी फलाटावर किती वेळ उभी राहते. वाहकाने खालीच तिकिटं द्यायला घेतली का, मागच्या गाडीची वाट कुणी अडवलीय का, चालक जागेवर आहे का, हे बघत फिरायचं. एकेका गाडीमागे दोन-तीन मिनिटं वाचली की त्याच फलाटावरून दिवसाकाठी आणखी गाड्या निघायच्या.

निवृत्तीनंतर हे सगळं घराजवळच्या एका चौकात कामाला आलं.

चौक शहराच्या पूर्व भागातला आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथलं काम अखेर झालं ते ज्या खात्यांच्या ताब्यात चौक आहे त्यांच्याच माणसांनी केलं, आणि मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही. चार रस्ते मिळतात. दोन मोठे, एक मध्यम, एक अगदी गल्लीसारखा. सकाळी कामावर निघालेल्या दुचाकी, शाळेच्या रिक्षा, टॉवेल-चादरींचे गठ्ठे घेतलेले टेम्पो, आणि याच वेळी रात्रभर वळलेल्या बीड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचकडे, म्हणजे बीड्या जमा करायच्या ठिकाणी, चालत निघालेल्या बायका. ऊस हंगामात भर म्हणून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. साठी उलटलेली, आयुष्य बीड्या वळण्यात गेलेलं. दोन वर्षांपूर्वी याच चौकात रस्ता ओलांडताना त्यांना दुचाकीचा धक्का लागला आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये. बीडी वळणाऱ्या बाईचं मनगट गेलं की त्या महिन्याची मजुरीही जाते. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, मी घाई केली नव्हती हो. मधे उभी राहायला जागाच नव्हती.’’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

चौकाबद्दल बोलणं काढलं की लोक म्हणायचे, ‘‘उड्डाणपूल होऊ दे, मग सगळं सुटेल.’’ सोलापुरात उड्डाणपुलाची चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. पूल व्हायला हवा तिथे जरूर व्हावा. पण आमच्या चौकावरून तो जाणार नव्हता, आणि गेला असता तरी अक्कांना रस्ता खालूनच ओलांडायचा होता.

माझी पुतणी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्पासाठी विषय शोधत होती. मी तिला चौकात घेऊन गेलो. पाऊण तास उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, आपण मोजू या.’’ तिच्या सरांनीही मान्यता दिली. ते एक गोष्ट बोलले ती मला फार पटली. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत १९७५ साली केंद्र सरकारने नियमच केला की शहरांनी वाहतुकीचा आराखडा करताना नुसते नवे रस्ते मांडायचे नाहीत, हातात आहे ती व्यवस्था अधिक चांगली कशी चालवणार हेही लिहायचं. सिग्नलच्या वेळा, पार्किंग, बसची जागा, पायी चालणाऱ्यांची सोय, सगळं. म्हणजे फलाट न वाढवता गाड्या काढायच्या, तेच काम.

मोजणी फेब्रुवारीत केली. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकून शहर नेहमीच्या चालीवर आलेलं होतं. यात्रेचे दिवस मुद्दाम टाळले, कारण तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आणि होम मैदानाच्या गर्दीसाठी मार्गच बदललेले असतात. एक मात्र नोंदवतो. दर जानेवारीत हेच शहर त्याच रस्त्यांवर लाखोंची गर्दी सांभाळतं. कुठून आत सोडायचं, कुठे थांबवायचं हे आधी ठरवून लोकांना कळवलेलं असतं, म्हणून ते जमतं. बाकीचे अकरा महिने तसं का होत नाही, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारतोय.

चार रस्ते आणि प्रत्येकावरून तीन दिशा, म्हणजे बारा वाटा. एका माणसाला दोन वाटा जमतात, तिसरी घेतली की चुका होतात. पुतणीचे वर्गमित्र, मी, आणि बंद पडलेल्या गिरणीतले एक जुने जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, असे आम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर बसायचो. सकाळी साडेआठ ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते आठ. दर पंधरा मिनिटांना कागद बदलायचा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. जॉबर काकांच्या रेघा सर्वांत नीट निघायच्या. तीस वर्षं मागाच्या धोट्याकडे डोळे लावून बसलेला माणूस, त्याची नजर हलत नाही.

नुसती गाडी मोजून भागत नाही हे पुतणीने समजावलं. दुचाकी आणि ट्रॅक्टर रस्त्यावर सारखी जागा खात नाहीत. त्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने १९९०च्या मार्गदर्शिकेत तक्ता दिलेला आहे. मोटार म्हणजे १. दुचाकी अर्धी, आणि रहदारीत दुचाकींचं प्रमाण वाढलं की पाऊण. रिक्षा १.२ ते २. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. ट्रॉली लावलेला शेतीचा ट्रॅक्टर ४ ते ५. उसाच्या दिवसांत चौक का तुंबतो ते या शेवटच्या आकड्यात दिसतं. एक ट्रॅक्टर पुढे आला की हिरव्या दिव्यातल्या पाच मोटारींची जागा गेली, आणि तो सुटतोही सावकाश.

हा तक्ता बघून माझं आणि पुतणीचं पहिलं भांडण झालं. बस ३.७ आणि दुचाकी पाऊण, म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने बस ही पाच दुचाकींएवढी अडचण. मी म्हटलं, बाई, माझ्या बसमध्ये पन्नास माणसं आहेत आणि तुझ्या पाच दुचाकींवर फार तर दहा. एसटीत आम्ही गाडीचं भारमान बघायचो. किती गाड्या गेल्या यापेक्षा किती माणसं गेली याला महत्त्व होतं. तिने शांतपणे सांगितलं की तक्ता जागेचा आहे, माणसांचा नाही, आणि सिग्नलचा हिशोब जागेवरच करावा लागतो. दोघंही बरोबर होतो. शेवटी कागदावर आणखी एक रकाना आखला, ‘माणसं’. त्यात पायी जाणारेही धरले. त्या रकान्याने पुढे सगळ्यात जास्त काम केलं, कारण सकाळी नऊच्या सुमाराला एका बाजूला रस्ता ओलांडणारी माणसं मोटारींतल्या माणसांहून जास्त भरली, आणि त्यांच्या वाट्याला सिग्नलमधलं एकही सेकंद नव्हतं.

मोजताना ज्या गोष्टी दिसल्या त्या रोज डोळ्यांसमोर असूनही मला आधी दिसल्या नव्हत्या.

सिग्नल चारही रस्त्यांना सारखा वाटून दिलेला. प्रत्येकाला ३५ सेकंद हिरवा, मग पिवळा आणि क्षणभर चारही लाल, असे ४० सेकंद. पूर्ण फेरा १६० सेकंदांचा. सकाळ असो, भर दुपार असो, तोच. गल्लीसारख्या रस्त्यावरच्या गाड्या दहा-बारा सेकंदांत निघून जायच्या आणि उरलेला वेळ हिरवा दिवा रिकाम्या गल्लीला लागलेला असायचा. समोर मोठ्या रस्त्यावर रांग.

दुसरं, बसचा थांबा. सिग्नलला गाड्या जिथे थांबतात त्या थांबा रेषेच्या अलीकडे, माझ्या बारा पावलांवर तो होता. हिरवा लागायचा, नेमकी त्याच वेळी बस माणसं चढवत उभी. मागचे सगळे अडकलेले. बस सुटेपर्यंत लाल. त्याच थांब्याला लागून शेअरिंग रिक्षा सीट भरत उभ्या, आणि रिक्षा उभ्या राहतात म्हणून तिथेच केळ्यांच्या आणि भाजीच्या हातगाड्या. टेपने मोजलं तर ७ मीटरच्या त्या बाजूपैकी गाड्यांना जायला जेमतेम ४ मीटर उरत होते. रस्ता अरुंद आहे असं आम्ही सगळे म्हणत होतो. तो अरुंद नव्हता.

तिसरी गोष्ट मार्च लागल्यावर कळली. ऊन तापलं की दुचाकीवाले थांबा रेषेपर्यंत येतच नाहीत. पंचवीस-तीस पावलं मागे कडुनिंबाची सावली आहे, तिथे थांबतात. त्यांच्या पुढचा रस्ता मोकळा आणि मागची रांग आधीच्या वळणापर्यंत. हिरवा लागल्यावर पहिली गाडी रेषेवर पोचेपर्यंतचे सेकंद फुकट जातात. याला मी दोष देणार नाही. सोलापूरच्या उन्हात १२० सेकंद उघड्यावर उभं राहून दाखवावं कुणीही.

मग हिशोब. १९५८ साली वेब्स्टर नावाच्या इंग्रज संशोधकाने मांडलेलं सूत्र अजून वापरतात. प्रत्येक फेऱ्यात सुटताना आणि थांबताना वाया जाणारे सेकंद मोजायचे, त्यांची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे. दुसरीकडे, प्रत्येक रस्त्यावर येणारी वाहतूक त्या रस्त्याच्या जास्तीत जास्त क्षमतेच्या किती भाग आहे ते काढून चारही भागांची बेरीज करायची, आणि ती १ मधून वजा करायची. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की फेरा निघतो. आमच्याकडे वाया जाणारे १६ सेकंद धरले, म्हणजे वर २९. भागांची बेरीज ०.७२, म्हणजे खाली ०.२८. उत्तर १०४ सेकंदांच्या आसपास. जिथे १०४ पुरतात तिथे आम्ही १६० लावून बसलो होतो. गल्लीच्या वाट्याला ११ सेकंद आले. ते कमी वाटले म्हणून १५ केले आणि फेरा ११० वर नेला.

आता अक्कांचा रस्ता. मी म्हटलं, फेऱ्यात एकदा चारही बाजू २० सेकंद लाल करा आणि माणसांना जाऊ द्या. पुतणीने ते २० सेकंद वाया जाणाऱ्या वेळात घालून दाखवले, तर फेरा २१० सेकंदांवर गेला. रात्री जेवण झाल्यावर आम्ही हे करत होतो, आणि मला खरंच वाईट वाटलं. लाल दिव्यापुढे साडेतीन मिनिटं कोण उभं राहणार? लोक सिग्नल तोडतील आणि अक्का पुन्हा मधेच सापडतील.

पुस्तकात माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशोबाने १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत पार व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन मी अक्कांबरोबर चाललो. एका हातात पिशवी, त्यांना १९ सेकंद लागले. पण त्या अर्ध्यावर आल्या तेव्हा त्यांचं ते वाक्य आठवलं आणि उत्तर सापडलं. मधे उभं राहायला जागा द्यायची.

आमच्या चौकात एका वेळी एकाच रस्त्याला हिरवा मिळतो. म्हणजे मोठ्या रस्त्याला लाल असतो तेव्हा चौकाकडे येणारी त्याची अर्धी बाजू थांबलेली असते, तेव्हा तो अर्धा ओलांडायचा. त्या रस्त्याला हिरवा लागला की तिन्ही बाकीचे रस्ते लाल, त्यामुळे चौकातून त्या रस्त्यात शिरणारं कुणी नसतं, तेव्हा उरलेला अर्धा ओलांडायचा. सिग्नलमधून एकही जादा सेकंद मागायचा नाही. फक्त मधे थांबायला सुरक्षित जागा हवी. आमचा दुभाजक १.२ मीटर रुंद, पण झेब्राच्या अलीकडेच संपलेला. आणि आणखी एक अडथळा होता, शेजारच्या रस्त्याचा ‘फ्री लेफ्ट’. डावीकडे वळणाऱ्यांना कधीच लाल नव्हता, म्हणून तो दुसरा अर्धा रस्ता कधीच मोकळा होत नव्हता. अक्कांना धक्का लागला तो तिथेच, अशाच वळणाऱ्या दुचाकीचा.

पुढचे चार महिने कागदपत्रांत गेले. ते थोडक्यात सांगतो, पण कुणी असं काम हाती घेणार असेल तर हे माहीत असावं. सिग्नलच्या वेळा एका टेबलावर, रंगाचे पट्टे दुसऱ्या, बसथांबा तिसऱ्या आणि रिक्षांची जागा चौथ्या. एकच अर्ज सगळ्यांना दिला तर तो प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवतो, आमचा तसाच महिनाभर फिरला आणि एका ठिकाणी सापडेनासा झाला. मग प्रत्येकाला त्याच्यापुरतं एक पान दिलं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये वाहनांवर निर्बंध घालण्यासाठी कलम ११५, चिन्हं आणि फलकांसाठी ११६, वाहनतळ आणि थांब्यांसाठी ११७ आहे. अर्जात ज्याचं त्याचं कलम लिहिलं. आणि प्रत्येक पानावर शेवटी एकच मागणी, ‘पंधरा दिवस तात्पुरतं करून बघा, पटलं नाही तर पूर्ववत करा.’ नारंगी प्लास्टिकचे खांब, चुना आणि फलक. या शब्दांनी दारं उघडली. कायमचं करायला सही देताना माणूस घाबरतो, पंधरा दिवसांना देतो.

रिक्षावाल्यांशी बोलायला मीच गेलो. मला भीती होती, पण एकानेही आवाज चढवला नाही. त्यांच्यातला वयाने मोठा म्हणाला, ‘‘मामा, आमाला बी कळतंय की हितं तुंबतंय. पण बस जिथं थांबती तिथंच शिटा मिळतेत. बस हलवा, आमी हलतो.’’ चार महिन्यांत ऐकलेलं सर्वांत नेमकं बोलणं हेच. आम्ही आधी रिक्षा हलवायच्या आणि मग बस, असा क्रम लिहिला होता. तो बदलला. बसथांबा चौक ओलांडून ४० मीटर पुढे नेला, म्हणजे बस आधी सिग्नल पार करते आणि मग माणसं घेते, मागचं कुणी अडकत नाही. त्याच्यापुढे पट्टा मारून रिक्षांची जागा. हातगाड्यांना कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्या आपोआप गिऱ्हाइकामागे गेल्या.

पहिला दिवस अवघड गेला. फ्री लेफ्ट बंद केल्याचा राग सगळ्यात जास्त. चार पिढ्यांची सवय मोडल्यासारखे लोक हॉर्न वाजवत होते. ड्यूटीवरच्या महिला हवालदार त्या कोपऱ्यावर सकाळभर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. थांबवलेल्या प्रत्येकाला त्या झेब्राकडे हात करून सांगायच्या, ‘‘समोर बघा, आजी मधे उभ्या आहेत.’’ दंडाची पावती फाडली नाही. चौथ्या दिवशी हॉर्न कमी झाले.

सहाव्या दिवशी सगळं विस्कटलं. दुपारी एक वाजता मोठ्या रस्त्यावर विनाकारण लांब हिरवा, गल्लीत रांग. आदल्या रात्री बराच वेळ वीज गेली होती, आणि सिग्नलच्या पेटीतलं घड्याळ त्यात मागे पडलं होतं. सकाळचा कार्यक्रम दुपारी चालू झालेला. पेटीतली छोटी बॅटरी बदलली आणि झालं. पण त्या तासाभरात ‘बघा, बिघडवून ठेवलं’ असं दहा जणांनी ऐकवलं. तेव्हापासून वीज जाऊन आली की मी चौकात जाऊन दिव्यांच्या वेळा घड्याळाला लावून बघतो.

दुपारसाठी आम्ही वेगळा कार्यक्रम मागितला होता, ७० सेकंदांचा छोटा फेरा. गाड्या कमी, ऊन जास्त, मग माणसाला कमी उभं करा. आता कडुनिंबाखाली थांबणारे कमी झाले आहेत. थांबावं लागतं तेच थोडं, म्हणून बरेच जण रेषेपर्यंत येतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा रेघा मारायला बसलो. सकाळी आधी मोठ्या रस्त्यावरच्या रांगेतल्या शेवटच्या गाडीला दोन हिरवे बघावे लागायचे, कधी तीन. आता बहुतेक वेळा पहिल्याच हिरव्यात ती निघते. उसाचे ट्रॅक्टर आले की अजूनही अडतं, ते या चौकात सुटणारं नाही. त्यांना शाळेच्या वेळात शहरात सोडायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो झाला पाहिजे, हे मी बोलत राहणार. सगळं मिळून काय लागलं? रंग, खांब, फलक, एक थांब्याचा खांब उखडून पुढे रोवणं, एक बॅटरी. डांबर टाकलं नाही, एक झाड पाडलं नाही.

अक्कांना पहिल्या दिवशी मी बरोबर घेऊन गेलो. लाल असताना अर्धा रस्ता, मग खांबांच्या मधे उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी रस्ता. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. हिरवा लागला, मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या पाठीमागून सुटल्या, समोरचा अर्धा मोकळा. त्या चालू लागल्या. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, ‘‘हळू चाललं तरी चालतंय की.’’ आता ब्रँचला जाताना त्या दुसऱ्या बायकांना शिकवतात, कधी निघायचं आणि कुठे थांबायचं.

एक गोष्ट आमची चुकली. जुन्या बसथांब्यावर झाडाची सावली होती, नव्या जागी काहीच नाही. आम्ही सेकंद मोजले, ऊन मोजलं नाही. म्हातारी माणसं अजून जुन्याच झाडाखाली उभी राहतात आणि बस दिसली की चौक ओलांडून पळतात. तिथे शेड हवं, आणि ते चौकातून येणारी बस दिसेल अशा कोनात हवं. जागेची मापं घेतली आहेत, थांब्यावर दर तासाला किती माणसं उभी असतात ते पुन्हा मोजायला घेतलंय. सोमवारपासून सकाळची पाळी जॉबर काकांची आहे, संध्याकाळची माझी.